भारतात भरलेली स्नूकरची रँकिंग स्पर्धा : ‘इंडियन ओपन’चे पाचही निकाल आणि मुंबईच्या आदित्य मेहताची ती फायनल

व्यावसायिक स्नूकरची जागतिक रँकिंग स्पर्धा आपल्या देशात आजवर पाच वेळा भरली. तिचं नाव ‘इंडियन ओपन’. दिल्ली २०१३, मुंबई २०१५, हैदराबाद २०१६, विशाखापट्टणम २०१७ आणि कोची २०१९. या पाचांपैकी एकदाही भारतीय खेळाडू जिंकला नाही. पण एकदा आपला गडी थेट फायनलला पोचला होता, आणि तो मुंबईचा होता. कोचीनंतर ही स्पर्धा पुन्हा भरलेली नाही.

क्रिकेटचा स्कोअर गावातलं शेंबडं पोरगंही सांगतं. स्नूकरचा निकाल मोबाईलवर दिसला की मात्र ५-० म्हणजे काय, फ्रेम म्हणजे काय, रँकिंग म्हणजे काय, काहीच उलगडत नाही. म्हणून निकालाबरोबर खेळाचीही माहिती इथं दिली आहे.

खेळ नेमका कसा?

तालुक्याच्या गावी एखाद्या गाळ्यावर ‘स्नूकर’ अशी पाटी असते. आत गेलं की बहुतेक ठिकाणी टेबल असतं पूलचं. पूलचं टेबल लहान, चेंडू मोठे आणि त्यांच्यावर आकडे लिहिलेले. बिलियर्ड्स वेगळं, ते तीनच चेंडूंवर खेळतात. स्नूकरचं टेबल मोठं, साधारण १२ फूट लांब आणि ६ फूट रुंद. चेंडू २२ आणि एकावरही आकडा नाही.

कॅरम खेळलेल्या माणसाला स्नूकर लवकर समजतं. पांढरा चेंडू म्हणजे स्ट्रायकर. काठीनं, म्हणजे क्यूनं, फक्त त्यालाच मारायचं आणि त्यानं दुसरा चेंडू सहापैकी एका पॉकेटात घालवायचा. लाल चेंडू १५, प्रत्येकाचा १ गुण. मग सहा रंगीत : पिवळा २, हिरवा ३, तपकिरी ४, निळा ५, गुलाबी ६ आणि काळा ७ गुणांचा. आधी एक लाल घालायचा, मग कुठलाही एक रंगीत, मग परत लाल. लाल गेला तो गेला. रंगीत मात्र लाल संपेपर्यंत उचलून परत जागेवर ठेवतात. सगळे लाल संपले की रंगीत चेंडू पिवळ्यापासून काळ्यापर्यंत ओळीनं घालायचे.

आता हिशोब करा. प्रत्येक लालनंतर काळाच घातला तर १ अधिक ७, म्हणजे ८. असे १५ वेळा, झाले १२०. शेवटचे सहा रंगीत मिळून २७. एकूण १४७. एका दमात, न चुकता मिळवलेल्या गुणांना ‘ब्रेक’ म्हणतात. १४७ चा ब्रेक म्हणजे पूर्ण माप, भल्याभल्यांना आयुष्यात एकदा जमला तरी भाग्य.

एक डाव म्हणजे एक फ्रेम. निकालात ४-३ किंवा ५-० दिसतं ते फ्रेमचं असतं, गुणांचं नव्हे. इंडियन ओपनमध्ये साधारण सामना सात फ्रेमचा असायचा, जो आधी चार जिंकेल तो पुढं. फायनल नऊ फ्रेमची, आधी पाच जिंकेल त्याची. टेबलावर उरलेले सगळे गुण घेऊनही आपण मागंच राहणार हे दिसलं की खेळाडू बहुधा हात मिळवून फ्रेम सोडून देतो. त्यात कमीपणा मानत नाहीत.

आणि ‘स्नूकर’ म्हणजे काय, तर आडोसा. पांढरा चेंडू अशा जागी लपवायचा की समोरच्याला लागू असलेल्या चेंडूवर सरळ नेमच धरता येऊ नये. तो चुकला की कमीत कमी ४ गुण आपल्याला. नुसता नेम असून भागत नाही. आपल्याला जमत नसेल तर समोरच्यालाही जमू द्यायचं नाही, ही अक्कल लागते.

जबलपूरच्या छावणीतला खेळ

हा खेळ इंग्रजांचा खरा, पण जन्मला आपल्या देशात. १८७५ साली जबलपूरच्या लष्करी छावणीत इंग्रज अधिकारी बिलियर्ड्सच्या टेबलावर वेळ काढत बसायचे. त्यांच्यातल्या नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्यानं लाल चेंडूंच्या खेळात रंगीत चेंडू मिसळले. (पुढं ब्रिटनचा पंतप्रधान झाला तो चेंबरलेन वेगळा, नावावर जाऊ नका.) नवख्या लष्करी विद्यार्थ्याला तेव्हा त्यांच्या बोलीत ‘स्नूकर’ म्हणत. एकाचा सोपा चेंडू हुकला, तेव्हा चेंबरलेननं त्याला चेष्टेनं स्नूकर म्हटलं आणि तेच नाव खेळाला चिकटलं. नियम कागदावर आले ते उटीच्या क्लबात, १८८२ च्या सुमारास.

पुढं हा खेळ क्लब आणि जिमखान्यांतच अडकून राहिला. टेबल महाग, त्याला जागा मोठी आणि सभासद व्हायचं म्हणजे साहेबलोकांची ओळख हवी. तरी आपल्या मातीतली माणसं त्यात चमकली. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कलकत्त्यात हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले. कुठल्याही खेळात जगज्जेता झालेला तो पहिला भारतीय. मुंबईच्या मायकेल फरेरांनी हौशी बिलियर्ड्सचा जागतिक किताब तीनदा घेतला. पंकज अडवाणीचा जन्मही पुण्याचा, वाढला बेंगळुरूत. पण यातलं बरंचसं यश बिलियर्ड्सचं नाहीतर हौशी स्नूकरचं. व्यावसायिक स्नूकरचं शिवार वेगळं आणि तिथली मशागतही वेगळी.

रँकिंग म्हणजे काय?

व्यावसायिक दौऱ्यावर सुमारे १२८ खेळाडू असतात. कोणत्या स्पर्धेत किती कमावलं यावर त्यांची जागतिक क्रमवारी ठरते. ज्या स्पर्धेचा निकाल या क्रमवारीत धरतात ती रँकिंग स्पर्धा. कितीही मोठ्या बक्षिसाची असली तरी निमंत्रितांची स्पर्धा यात धरत नाहीत.

२०१४-१५ च्या हंगामापासून क्रमवारी सरळ बक्षिसाच्या पैशावर लावतात. एक पौंड म्हणजे एक गुण. त्याआधी प्रत्येक स्पर्धेला गुणांचा तक्ता असायचा. हिशोब मागच्या दोन वर्षांचा. दोन वर्षांपूर्वीची कमाई गळत जाते, नवी जमा होत जाते. मागं मोठी स्पर्धा जिंकून पुढं निवांत बसलात की बरोबर दोन वर्षांनी नाव खाली घसरतं. पहिल्या ६४ मध्ये राहिलं तर पुढच्या हंगामाचं कार्ड टिकतं. ते गेलं की पुन्हा पात्रता स्पर्धा खेळून कार्ड मिळवायचं, आणि मिळालं तर दोन वर्षांसाठी. पहिले १६ मात्र शेफिल्डच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत थेट जातात. बाकीच्यांना पात्रता फेऱ्यांतून घासत जावं लागतं.

यातली मेख अशी की इंडियन ओपनच्या काळात पहिल्याच फेरीत हरलेल्या खेळाडूला बहुतेक स्पर्धांत बक्षिसाची दमडीही नसायची. विमान, लॉज, जेवण सगळं पदरचं. बियाणं-खत घातलं आणि उगवलंच नाही, त्यातली गत. आता २०२२-२३ पासून प्रत्येक खेळाडूला हंगामाला किमान २०,००० पौंडांची हमी आहे. पण तीही वरकमाई नव्हे, आगाऊ उचल. बक्षीस मिळत जाईल तशी वळती होते.

दिल्ली, ऑक्टोबर २०१३

पहिली इंडियन ओपन १४ ते १८ ऑक्टोबर २०१३ ला दिल्लीच्या एका पंचतारांकित हॉटेलात झाली. एकूण बक्षीस ३ लाख पौंड. विजेत्याला ५०,००० पौंड, म्हणजे त्या वेळच्या भावानं साधारण ५० लाख रुपये.

स्पर्धा दिल्लीत असली तरी तिची पात्रता फेरी भरली इंग्लंडात. व्यावसायिक दौऱ्याचं सगळं बिऱ्हाडच तिकडं. त्यामुळं दौऱ्यावरच्या भारतीय खेळाडूला स्वतःच्या देशातली स्पर्धा खेळायची तर आधी इंग्लंडात जिंकून यायचं. भारतातल्या काही हौशी खेळाडूंना वाइल्ड कार्ड दिली होती, पण दौऱ्यावरच्या कसलेल्या गड्यांपुढं त्यांचा टिकाव लागणं अवघडच.

मुंबईचा आदित्य मेहता तेव्हा २७ वर्षांचा. दिल्लीच्या आधी दोन-अडीच महिने कोलंबियातल्या काली शहरात जागतिक क्रीडा स्पर्धेत त्यानं स्नूकरचं सुवर्णपदक मिळवलं होतं. पेपरात कोपऱ्यात बातमी आली आणि लोक विसरून गेले. त्याच वर्षी पंकज अडवाणीनं वेल्श ओपनमध्ये उपांत्यपूर्व फेरी गाठली होती. रँकिंग स्पर्धेत तिथवर पोचलेला तो पहिला भारतीय.

दिल्लीत आदित्य एकेक फेरी काढत उपांत्य फेरीत आला. समोर स्कॉटलंडचा स्टीफन मॅग्वायर, रँकिंग स्पर्धा जिंकलेला तगडा खेळाडू. सामना गेला ३-३ पर्यंत. सातव्या फ्रेमला आला म्हणजे आधीचं सगळं पुसलं गेलं, एकाच डावावर निकाल. कबड्डीत शेवटच्या मिनिटाला बरोबरी असावी आणि चढाई आपली असावी, तसा प्रकार. ती फ्रेम आदित्यनं घेतली आणि सामना ४-३ नं जिंकला. व्यावसायिक रँकिंग स्पर्धेच्या फायनलला पोचलेला पहिला भारतीय म्हणून त्याचं नाव तिथं लागलं.

फायनलला समोर चीनचा डिंग जुनहुई. वय २६, पण अनुभव मोठा. २००५ साली वयाच्या १८ व्या वर्षी त्यानं बीजिंगमध्ये स्टीफन हेंड्रीला हरवून चायना ओपन जिंकली होती आणि त्या विजयानं चीनमधली पोरं क्यू हातात धरायला लागली. दिल्लीत येण्याआधीची शांघायची रँकिंग स्पर्धाही त्यानंच जिंकली होती.

निकाल : डिंग जुनहुई ५, आदित्य मेहता ०.

आकडा बघून आदित्य वाईट खेळला असं वाटेल. पण स्नूकरमध्ये ५-० चा अर्थ क्रिकेटातल्या डावाच्या पराभवासारखा घेऊ नये. समोरचा टेबलावर आहे तोवर आपण खुर्चीत बसून बघायचं, करण्यासारखं काहीच नसतं. तो चुकला तरच आपली पाळी. गारा पडत असताना गोठ्याच्या दारातून उभ्या पिकाकडं बघत राहावं, तसं ते बसणं. आणि त्या महिन्यात डिंग फारसा चुकतच नव्हता. दिल्लीनंतर लगेच चेंगदूची इंटरनॅशनल चॅम्पियनशिपही त्यानं १०-९ नं घेतली. सलग तीन रँकिंग स्पर्धा जिंकणारा तो १९९० नंतरचा पहिला खेळाडू. त्या हंगामात त्यानं एकूण पाच जिंकल्या आणि हेंड्रीच्या विक्रमाशी बरोबरी केली. आदित्य हरला तो असल्या भरातल्या माणसाकडून.

उपविजेत्याला विजेत्याच्या निम्मे पैसे आणि रँकिंगचे गुण. पैशापेक्षा गुण मोलाचे, कारण कार्ड टिकतं ते त्यांच्यावर.

पुढच्या वर्षी, ऑगस्ट २०१४ ला, जर्मनीतल्या फ्युर्थ गावच्या स्पर्धेत आदित्यनं १४७ चा पूर्ण ब्रेक केला. व्यावसायिक स्पर्धेत असं करणारा तो पहिला भारतीय, आणि समोर खुर्चीत बसला होता तोच मॅग्वायर.

मुंबई ते कोची

दुसरी स्पर्धा मुंबईत, ९ ते १३ मार्च २०१५, ग्रँड हयात हॉटेलात. वेल्सचा मायकेल व्हाइट जिंकला. त्यानं फायनलला इंग्लंडच्या रिकी वॉल्डनला ५-० नं हरवलं. म्हणजे पहिल्या दोन्ही फायनल पाच-शून्य. व्हाइट तेव्हा २३ वर्षांचा आणि हा त्याचा पहिला रँकिंग किताब. नऊ वर्षांचा असतानाच त्यानं शंभरावर ब्रेक केला होता, पण मोठं बक्षीस हाती लागायला मुंबई गाठावी लागली.

तिसरी हैदराबादला, ५ ते ९ जुलै २०१६. स्कॉटलंडचा अँथनी मॅकगिल विजयी, इंग्लंडच्या कायरन विल्सनवर ५-२. मॅकगिलचाही हा पहिलाच किताब. हरलेला विल्सन २०२४ मध्ये जगज्जेता झाला.

चौथी विशाखापट्टणमला, १२ ते १६ सप्टेंबर २०१७. मॅकगिल पुन्हा फायनलला आला, पण समोर त्याच्याच देशाचा जॉन हिगिन्स उभा. चार वेळचा जगज्जेता, वय ४२. निकाल हिगिन्स ५, मॅकगिल १. हिगिन्सचा हा २९ वा रँकिंग किताब. जुनं खोड काय असतं ते तिथं दिसलं.

पाचवी कोचीला, २७ फेब्रुवारी ते ३ मार्च २०१९. इंग्लंडच्या मॅथ्यू सेल्टनं चीनच्या ल्यू हाओतियानला ५-३ नं हरवलं. सेल्ट ३३ वर्षांचा, किती हंगाम दौऱ्यावर घालवलेला, आणि रँकिंग स्पर्धेची फायनलच आयुष्यात पहिल्यांदा खेळत होता.

पाच विजेत्यांपैकी तीन, व्हाइट, मॅकगिल आणि सेल्ट, यांचा पहिला किताब भारतात आला. माझ्या मते याला दोन कारणं. सामने छोटे, सात फ्रेमचे. लांब सामन्यात मोठा खेळाडू मागं पडला तरी सावरतो, छोट्यात तेवढा वेळच मिळत नाही. दुसरं, काही बडे खेळाडू इतक्या लांबचा प्रवास टाळायचे, तेवढी वाट मोकळी व्हायची. अशी संधी घरच्या पोरांनाही होती. पण ती घ्यायला दौऱ्यावर आपली माणसंच दोन-तीन.

त्याचं कारण खर्चात आहे. भारतीय खेळाडूनं व्यावसायिक व्हायचं म्हणजे हंगामाचा बराच काळ इंग्लंडात खोली घेऊन राहायचं, तिथं सरावाचं टेबल भाड्यानं घ्यायचं आणि घर हजारो मैलांवर. पंकज अडवाणी २०१२ मध्ये दौऱ्यावर गेला आणि दोन हंगामांनी, २०१४ ला, कार्ड सोडून परत आला. त्याच्यासारख्याला हे झेपलं नाही म्हटल्यावर नवख्या पोराच्या बापानं काय ठरवावं? क्लबाचं सभासदत्व, क्यू, शिकवणी, वर परदेशातलं राहणं. शेतकऱ्याच्या घरातून हा खर्च निघणार नाही, नोकरदाराच्याही सहज निघत नाही.

चीनचं उदाहरण समोर आहे. तिथं वुहान, शीआन अशा शहरांत रँकिंग स्पर्धा भरतात. तिथली पोरंही इंग्लंडात जाऊन राहतात, पण ती संख्येनं खूप आणि मागं देशातल्या अकादम्या. मे २०२५ मध्ये झाओ शिंटाँगनं मार्क विल्यम्सला १८-१२ नं हरवून जागतिक अजिंक्यपद मिळवलं. चीनचा तो पहिला जगज्जेता. २०१३ ला दिल्लीच्या फायनलला एक चिनी आणि एक भारतीय समोरासमोर होते. त्यानंतर तिकडं स्पर्धा भरतच राहिल्या, आपल्याकडची एकमेव होती ती सहा वर्षांत पाचदा भरून थांबली.

सध्या दौऱ्यावर मुंबईचा इशप्रीत सिंग चढ्ढा आहे. २०२३ ला तो व्यावसायिक झाला आणि तोही तिकडं राहूनच खेळतो.

निकाल कधी बघायचे?

हंगाम आपल्या पावसाळ्याच्या तोंडाशी सुरू होतो आणि एप्रिल-मे मध्ये शेफिल्डच्या अजिंक्यपदानं संपतो. इंग्लंडातली संध्याकाळची सत्रं बहुधा तिकडच्या सातला सुरू होतात. उन्हाळ्याच्या महिन्यांत तेव्हा आपल्याकडं रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात, हिवाळ्यात साडेबारा. निकालात खेळाडूच्या नावापुढचा पहिला आकडा फ्रेमचा. त्याखाली ७२-१५ असं दिसलं तर ते त्या एका फ्रेमचे गुण, आणि कंसात ६४ किंवा १०२ असं असलं तर तो त्या फ्रेममधला ब्रेक. ज्यांच्या फीडरला रात्रीची लाईट आहे आणि मोटार चालू करून बांधावर जागायचंच आहे, त्यांना कंसातला तो आकडा बघायला वेळ मिळेल.